प्रस्थानाची बॅग

पनवेलच्या माणसाला प्रवासाचं काय कौतुक, असं बाहेरच्यांना वाटतं. आमचं घर एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. सकाळी दूध तापवताना भोंग्यातून महाड, पोलादपूर, अलिबाग, शिर्डी अशी गावांची नावं कानावर यायची. गोव्याला जाणारा इथूनच जातो, पुण्याला जाणाराही इथूनच. सगळ्यांच्या गाड्या इथे थांबतात, माणसं उतरतात, तोंडावर पाणी मारतात, वडा खातात आणि पुढे जातात. पुढे न जाणारे तेवढे आम्ही. लग्न होऊन आले तेव्हा मला तो भोंगा आवडायचा. काही वर्षांनी मी त्या वेळेला स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायला लागले.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. हिमनदी कशी सरकते, तिच्या वाटेत दरी कशी कोरली जाते, हे मी रंगीत खडूंनी फळ्यावर इतकं झोकात काढायचे की तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, "बाई, हिमालयात जाऊन आलात वाटतं?" मी म्हटलं, "नाही, खोपोलीपर्यंत गेले आहे." साहेब हसले, मुलं हसली. मला काही हसू आलं नाही.

कुठे जायचं हे माझं कधीचंच ठरलं होतं. एका दुकानदाराने दिवाळीला दिलेल्या कॅलेंडरवर 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स'चा फोटो होता. गढवालमधलं राष्ट्रीय उद्यान. खाली गुलाबी-जांभळी फुलं, मध्ये ओढा, वर बर्फ. वर्ष संपल्यावर मी तारखा कापून टाकल्या आणि फोटो स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला. दार लावलं की तो दिसायचा. नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. भांडणाला घाबरणारा, गोड माणूस. तो मला कधीच नाही म्हणाला नाही. "जाऊ या की," म्हणायचा. त्या "जाऊ या की"वर मी किती उन्हाळे काढले ते माझं मला माहीत.

आमच्या घरी मे महिना तांदळाचा. पनवेलच्या बाजूचा तांदूळ चवीला चांगला, म्हणून दादर, ठाणे, पुणे इथले सगळे नातेवाईक वर्षाचा तांदूळ आमच्याकडून न्यायचे. म्हणजे आणायचा, निवडायचा, चाळायचा आणि डब्यांत भरायचा आम्ही, न्यायचा त्यांनी. सासूबाईंचा त्यातला हात सगळ्या गोतावळ्यात मानलेला होता. मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन फुंकर मारायच्या, एक दाणा दातांखाली चावायच्या आणि पोतं ठेवायचं की परत पाठवायचं ते सांगायच्या. मग बाहेरच्या खोलीत चटया पसरायच्या आणि मी त्या तांदळाला एरंडेल चोळत बसायची, पोरकिडे होऊ नयेत म्हणून. शाळेला सुट्टी लागायची आणि मला हे काम लागायचं. उन्हाळाभर माझ्या हातांना, केसांना, पदराला एरंडेलाचा वास असायचा.

एका मे महिन्यात दादरच्या चुलत जाऊबाई तांदूळ न्यायला आल्या त्या काश्मीरचे फोटो घेऊनच. मी चटईवर होते. त्यांनी एकेक फोटो माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाल्या, "हात नको लावूस हं, तेल लागेल." मी फोटो बघितले, छान आहेत म्हटलं, पुन्हा तांदळात हात घातले. त्या दिवशी मला जीव घुसमटणं म्हणजे काय ते कळलं. रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि तो कोणावर काढावा ते समजत नव्हतं. तांदळावर तर काढता येत नाही.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, पुढच्या वर्षी आपण जाणार. तो म्हणाला, "जाऊ या की." मी म्हटलं, "तसं नाही. मुंबईला जा आणि चौकशी करून ये."

तो खरंच गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. मे महिन्यात तिथे बर्फ असतो, वाट बंद असते. जून लागल्याशिवाय कोणाला आत सोडत नाहीत आणि फुलं तर भर पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये. आमच्याकडे सहल म्हणजे मे महिना, हे इतकं डोक्यात बसलेलं की हिमालयसुद्धा आमच्या शाळेच्या सुट्टीप्रमाणे उघडतो असंच आम्ही धरून चाललो होतो. भूगोलाच्या बाईंनीसुद्धा. मी शाळेच्या सुट्टीच्या तारखा काढून बघितल्या. मग म्हटलं, जूनच्या सुरुवातीला वाट उघडेल आणि आपली शाळा त्यानंतर सुरू होईल. मधले काही दिवस आपले. फुलं नसली तर नसू देत, बर्फ वितळताना तरी दिसेल. शिवाय तोवर तांदळाचं काम आटपलेलं असतं.

मग वर्षभर तयारी चालली. दर रविवारी चढायचा सराव म्हणून आम्ही तिघं, म्हणजे आम्ही दोघं आणि दुसरीतली मुलगी, कर्नाळ्याला जायचो. मुलगी अर्ध्यात बसकण मारायची आणि माकडांना शेंगदाणे टाकायची. मी मात्र धापा टाकत वरपर्यंत जायची. तिथून एका बाजूला खाडी दिसायची, दुसऱ्या बाजूला प्रबळगड आणि माथेरानची रांग. या डोंगरांच्या आत आपण बसलोय, बरणीत ठेवल्यासारखे, असं मला वाटायचं. आता झाकण उघडणार होतं.

एप्रिलच्या उकाड्यात मी स्वेटर विणायला घेतले. घामाने लोकर बोटांना चिकटायची. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी दारात येऊन बघायच्या आणि हसायच्या. त्या मूळच्या रोडपालीच्या, आगरी घरातल्या. नवरा बंदरात नोकरीला, म्हणून इथे भाड्याने राहत होत्या. त्यांचा मोठा मुलगा माझ्या वर्गात, त्यामुळे त्या मला बाईच म्हणायच्या. "बाई, आमी इथं पंख्याखाली मरतो आणि तुमी लोकर काय विनताव," असं त्यांचं रोजचं असे. मुलीचा लाल स्वेटर आधी झाला. मुंबईहून सुटणाऱ्या गाडीची तिकिटं आली आणि ती मी फळीवरच्या देव्हाऱ्यात ठेवली.

सासूबाई या सगळ्यात फारसं बोलल्या नव्हत्या. तिकिटं आल्यावर मात्र त्यांनी पंचांग काढलं. म्हणाल्या, निघायचा दिवस चांगला नाही. माझा चेहरा बघून पुढे म्हणाल्या, "घाबरू नकोस. त्याआधीचा बुधवार चांगला आहे. प्रस्थान ठेवू."

हल्ली कोणी हे करत नाही, म्हणून सांगते. निघायचा दिवस बरा नसेल तर आधीच्या चांगल्या दिवशी सामानातलं एखादं बोचकं घराबाहेर, जायच्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे तुम्ही निघालात. मग प्रत्यक्ष निघताना ते तिथून उचलायचं. आम्हाला जायचं होतं उत्तरेला. नवऱ्याने माझ्या शाळेच्या पेटीतलं होकायंत्र आणून जिन्यात धरलं आणि उत्तर निघाली नेमकी समोरच्या वहिनींच्या दाराकडे. मला त्या दिवशी सगळंच शुभ वाटत होतं.

बुधवारी सकाळी खाकी कॅनव्हासची बॅग भरली. तिघांचे स्वेटर, कानटोप्या, लोकरी मोजे. सासूबाईंनी रुमालाच्या टोकाला मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधून वर ठेवलं. मी बॅग उचलली, जिन्याची जागा ओलांडली आणि वहिनींच्या पलंगाखाली ठेवून आले. चार पावलांचा प्रवास, पण परत आले तेव्हा मला घरात परकं वाटत होतं. आपण निघालो, आता फक्त शरीर इथे आहे, असं काहीतरी.

शुक्रवारी नणंद रिक्षातून उतरली. सातवा महिना संपत आलेला, पाय सुजलेले, चेहरा पांढराफटक. तिची सासू तिला आमच्या दारात सोडून त्याच रिक्षाने परत गेली. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. नवरा दवाखान्याच्या फेऱ्या मारायला लागला, मी पेज आणि बेडपॅन. तिकिटं कोणी रद्द केली तेही मला आठवत नाही. भाचा वेळेआधी जन्मला आणि धडधाकट निघाला. त्याच्यावर माझा कधीच राग नव्हता. त्याच्या आईची सासू मात्र आजही लग्नकार्यात समोर आली की मी पाणी प्यायला उठते.

बारसं झाल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "समोरून बॅग घेऊन येते."

"नको," त्या म्हणाल्या. "प्रस्थान परत घरात आणायचं नसतं."

"अहो आई, आपण गेलोच नाही."

"म्हणूनच. जाऊन आल्याशिवाय ती बॅग उंबरठ्याच्या आत येणार नाही."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो बाळाच्या झोळीची दोरी तपासत होता.

आणि बॅग तिकडेच राहिली. पुढच्या वर्षी कारखाना बंद पडला, टाळेबंदी उठेपर्यंत जूनचा निम्मा महिना गेला. त्याच्या पुढच्या वर्षी सासूबाईंचे दोन्ही मोतीबिंदू निघाले. मग मुलीची मुंज नाही पण मुंजीएवढाच सोहळा असलेली स्कॉलरशिपची परीक्षा, मग नवऱ्याची कावीळ. दर मे महिन्यात चटया पसरायच्या, एरंडेलाची बाटली निघायची, नातेवाईक यायचे. दर मे महिन्यात वहिनी दारातून विचारायच्या, "बाई, यंदा तरी जानार काय?" मला तो प्रश्न नको नको व्हायचा. सगळे विसरले होते, नवरा विसरला होता, मी विसरायचा प्रयत्न करत होते आणि ही बाई काही विसरू देत नव्हती. हळदीकुंकवाला त्यांच्याकडे गेले की मी मुद्दाम पलंगाकडे पाठ करून बसायची. तरी ती तिथे आहे हे पाठीला कळायचं.

एकदा मुलीच्या शाळेची माथेरानला सहल निघाली. तिने थंडीसाठी लाल स्वेटर मागितला. मी समोर जायला निघाले तर सासूबाई म्हणाल्या, "तो नाही. तिला नवीन घे." त्या दिवशी मी भांडले. तोंडाला येईल ते बोलले. तुमचं सोवळंओवळं, तुमची पंचांगं, तुमच्या लेकीची बाळंतपणं, या घरातून बाहेर पडलेली माझी एकच वस्तू, तीसुद्धा तुमच्या परवानगीने, असं सगळं. सासूबाई ताक घुसळत होत्या, त्या घुसळत राहिल्या. मी बोलायची थांबल्यावर म्हणाल्या, "नवीन घे. लाल घेऊ नकोस, निळा घे." मुलगी निळा स्वेटर घालून गेली. मला वाटलं, ही बाई माझ्या बॅगेवर बसलेली नागीण आहे.

मग त्या न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि खुबा मोडला. वय झालेलं, हाड नीट जुळलं नाही. बाहेरच्या खोलीत, जिथे तांदूळ पसरायचो तिथेच, त्यांचा पलंग टाकला. नातेवाइकांना कळवलं की यंदापासून तांदूळ आपापला बघा. मला वाटलं होतं, तांदूळ सुटला की मी सुटेन. आता उठवणं, बसवणं, अंग पुसणं, पाठीला पावडर लावणं. शाळेच्या मधल्या सुट्टीत धावत घरी यायचं, त्यांना भरवायचं, धावत परत जायचं. स्टँडवरून जाताना पुण्याच्या, साताऱ्याच्या गाड्या लागलेल्या दिसायच्या आणि कंडक्टर ओरडत असायचे. मी मान खाली घालून पुढे जायची. वर बघितलं तर आपण चढू, अशी मला भीती वाटायची. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

त्याच सुमाराला रोडपालीकडे नवीन इमारती उठायला लागल्या. वहिनींच्या सासऱ्यांच्या सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात त्यांना प्लॉट मिळाला होता, त्यावर त्यांनी घर बांधलं. एका रविवारी सकाळी जिन्यात त्यांचं सामान निघालं. त्या बॅग घेऊन आमच्या दारात आल्या.

"बाई, आमी चाललो. ही तुमची बॅग हाय. मी कदी उघडली नाय. पावसात माळ्यावर ठेवायची, ओल लागू नये म्हनून."

मी हात पुढे केला. आतून, पलंगावरून आवाज आला, "आत आणू नकोस."

मी दारात तशीच उभी राहिले. एक पाय आत, बॅग बाहेर. मग मात्र माझा तोल गेला. वहिनी समोर आहेत याचंही भान राहिलं नाही. मी म्हटलं, "आई, पुरे झालं. कोण जातंय आता कुठे? तुम्हाला सोडून मी भाजी आणायला जाऊ शकत नाही. कुठल्या पंचांगात लिहिलंय की आणायची नाही? दाखवा मला."

त्या शांतपणे म्हणाल्या, "पंचांगात नाही. मीच म्हटलं होतं."

मला काही समजेना.

"तुझ्यासारखीच मीही एकदा निघाले होते," त्या म्हणाल्या. "काशीला. आळीतल्या चौघीजणी जाणार होत्या. माझं गाठोडं मारुतीच्या देवळात ठेवलं होतं, प्रस्थान म्हणून. दुसऱ्या दिवशी मामंजींना ताप भरला. संध्याकाळी सासूबाईंनी गडी पाठवून गाठोडं परत आणवलं. लुगडी फडताळात गेली, तांब्या फळीवर गेला. त्यानंतर काशीचा विषय त्या घरात कोणी काढला नाही. मीसुद्धा नाही. काढणार कसा? सगळं जागच्या जागी होतं." श्वास घ्यायला त्या थांबल्या. "गाठोडं तिथेच राहिलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, कोणाचं आहे म्हणून."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. दर मे महिन्यात मला ज्या प्रश्नाचा वैताग यायचा, तो पलंगावरच्या या बाईने तिकडे नेऊन ठेवला होता. इकडे मला तांदळाला बसवलं आणि तिकडे तो प्रश्न जिवंत ठेवला. माझ्यासाठी तिला एवढंच करता येत होतं की तिने एवढंच केलं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय. मी अशी पडलेली. मी गेल्यावर जा."

अशा वेळी काय बोलायचं असतं ते सगळ्यांना माहीत आहे. असं बोलू नका, आई. माझ्या तोंडातून ते निघालं नाही. कारण धावत घरी येताना, धावत शाळेत जाताना, हे वाक्य मीच कित्येकदा मनात म्हटलेलं होतं. त्यांनी ते मोठ्याने म्हटलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना माहीत होतं. मला त्यांचा राग आला, आणि माझी लाजही वाटली, दोन्ही एकदम.

मग सासूबाईच वहिनींना म्हणाल्या, "रोडपाली कुठे येतं गं इथून? कुठल्या दिशेला?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी भूगोलाची बाई. मी म्हटलं, "उत्तरेला."

"मग बरं आहे," सासूबाई म्हणाल्या. "तिकडेच राहू दे."

पुढच्या रविवारी नवऱ्याला घरी बसवून मी रोडपालीला गेले. वहिनींचं नवं घर, फरशीवर अजून सिमेंटची पांढरी धूळ. त्यांनी बॅग नव्या कपाटाच्या वर ठेवली होती. मी ती खाली काढून पहिल्यांदाच उघडली. रुमालाची गाठ सोडली. तांदूळ तसाच होता, एकही किडा नाही. माझ्याच हातचं एरंडेल. त्याखाली मुलीचा लाल स्वेटर. तो मी वर धरला आणि वहिनी म्हणाल्या, "एवरीशी व्हती?" मुलगी तेव्हा माझ्या खांद्याला लागली होती आणि मैत्रिणींशिवाय कुठे यायला तयार नव्हती. दरीत बर्फ बघायला लाल स्वेटर घालून जाणारी मुलगी आता कुठेच नव्हती. मी तो स्वेटर पिशवीत घातला, बाकीची बॅग बंद करून पुन्हा वर ठेवली.

घरी आल्यावर सासूबाईंच्या पलंगाशी बसून मी स्वेटर उसवायला घेतला. त्यांनी ओळखला.

"त्यातला ना हा?"

"हो."

मला वाटलं, आता बोलतील, का आणलास म्हणून. त्यांनी हात पुढे केला, लोकरीचं टोक घेतलं आणि गुंडा करायला लागल्या. मी उसवत होते, त्या गुंडाळत होत्या. वळणं पडलेली लोकर त्या बोटांनी ताणून सरळ करत होत्या. बाहेर भोंगा महाडची गाडी लागल्याचं सांगत होता.

"कोणासाठी विणणार?" त्यांनी विचारलं.

"माझ्यासाठी."

त्यांनी गुंडा तळहातावर घेऊन वजन केल्यासारखा जोखला, तांदूळ जोखायच्या तसा.

"तुला पुरायची नाही," त्या म्हणाल्या. "अजून आण. आणि झाला की तिकडे नेऊन ठेव."